मशीनवरचा बदाम

एक पेशंट बाहेर गेला आणि दुसरा आत यायच्या आधी डॉक्टरबाईंनी फोनवरचा फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला. मग त्या तपासायच्या खोलीतच येरझाऱ्या घालायला लागल्या.

फोटो नेहमीचाच होता. तिकडे मायदेशी धाकटा भाऊ रोज अण्णांचं बीपी मोजायचा आणि मशीनचा फोटो पाठवायचा. ही शिस्त बाईंनीच लावलेली. वडिलांजवळ राहता येत नाही, तर निदान त्यांचे आकडे तरी आपल्या डोळ्यांखाली असावेत, एवढंच त्यांचं म्हणणं.

आकडे महिनाभर चढत होते. बाईंनी फोनवरूनच गोळी वाढवली, तरी उतरायचं नाव नाही. पण आज त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं ते वेगळ्याच कारणाने. अण्णांच्या हृदयाचे ठोके कायमचेच अनियमित. मशीन दर वेळी कोपऱ्यात एक छोटा बदाम दाखवून तसं सांगायचं. आजच्या फोटोत बदाम नव्हता. कालच्याही नव्हता. बाई मागे मागे जात राहिल्या. महिन्याभरात एकदाही नव्हता.

मशीनच्या पट्ट्यातला दंड अण्णांचा नव्हताच.

मग अण्णा कुठे होते? महिनाभर फोनवर भाऊच बोलत होता; अण्णा दर वेळी झोपलेले असायचे. परदेशातल्या लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून घरचे काय काय लपवतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आईच्या वेळी हेच झालं होतं. सगळे जण ‘बरी आहे, बरी आहे’ म्हणत राहिले आणि त्या विमानातून उतरल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. इथे जगभरच्या माणसांच्या छातीला कान लावून बसलेली ही डॉक्टर स्वतःच्या आईला मात्र हात लावू शकली नव्हती.

त्यांनी फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला, परत गळ्यात घातला.

“काय गं ताई, आज या वेळी?”

“अण्णा कुठायत?”

“आहेत की. पेपर वाचतायत.”

“दाखव.”

“अगं, पण झालं काय...”

“ठोंब्या, आधी दाखव मला!”

पडद्यावरून छत गेलं, दाराची चौकट गेली आणि पेपरामागचे अण्णा आले. त्यांनी पेपर जेमतेम नाकापर्यंत खाली केला.

“मी त्या मशीनला हात देणार नाही, आधीच सांगतो. पोरीचा फोन आला की बीपी किती, शुगर किती. म्हातारा जेवला का, हे विचारायला काय पैसे पडतात?”

पेपर परत वर गेला. बाई खुर्चीत बसल्या. जीव भांड्यात पडला आणि त्याच्या मागोमाग रागही आला. भाऊ फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी त्याला फैलावर घेतलं.

“महिनाभर मला फसवत होतास? मी गोळी वाढवली होती! चक्कर येऊन पडले असते म्हणजे?”

“जुनीच देतोय गं. तेवढी अक्कल आहे मला. ते काही ऐकेनात. आणि फोटो आला नाही की तुझं तिकडे कामात लक्ष लागत नाही. म्हटलं, आपलाच हात घालावा. तूही खूश, तेही खूश.”

“धन्य आहे तुझी! अरे, असे आकडे बघून माझी झोप...”

बाईंचं वाक्य तिथेच राहिलं.

“एकशे अडुसष्ट, एकशे चार,” त्या सावकाश म्हणाल्या. “हे तुझं आहे?”

भाऊ कोरडाच ओटा फडक्याने पुसायला लागला.

“मशीन जुनं झालंय.”

“इकडे बघ.”

त्याने पाहिलं. डोळ्यांखाली सूज होती, गाल ओघळले होते. हा चेहरा बाईंनी फोनवर कितीदा पाहिला होता आणि अण्णांची चौकशी करता करता कितीदा बाजूला सारला होता. अण्णांची आंघोळ, औषधं, रात्रीची उठबस, सगळं हाच करत होता; तू कसा आहेस, असं त्याला विचारल्याचं त्यांना आठवेना. त्यांना शरम वाटली.

“कुणाला दाखवलंस?”

“तुला दाखवत होतोच की रोज,” तो म्हणाला. हसायला गेला, ते त्याला जमलं नाही.

दारावर टकटक झाली. नर्सने डोकं आत घातलं.

“पुढच्यांना पाठवू?”

“जरा थांब. आत पेशंट आहे.”

नर्सने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि दार हळूच लोटून घेतलं.

बाईंनी फोन टेबलावर उभा केला आणि खुर्ची पुढे ओढली.

“बस खाली. ते फडकं ठेव आधी,” त्या म्हणाल्या. “हं. सांग आता. काय होतंय तुला?”