काविळीची माळ

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिच्या आधी मूल?" आणि जयसिंगनं बायकोकडं न बघता सांगून टाकलं, "न्हाई. ही पैलीच." कस्तुरानं मान खाली घातली.

१९८१ सालचा मार्च होता. चिंचवडच्या एका इस्पितळात चार वर्षांची शेवंता फटफटीत पांढरी पडली होती. डोळे पिवळे, पायांवर जांभळे ठिपके, लघवी कोऱ्या चहासारखी आणि तीही दिवसभरात चमचाभर. बाईंनी रक्त चढवलं. दोन दिवसांत त्यातल्या तांबड्या पेशीही अंगात फुटून गेल्या.

जयसिंगला हे सगळं पाठ होतं. तीन वर्षांपूर्वी थोरला भरत असाच पिवळा पडला, तेव्हा कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लगेच पुण्याला न्यायला सांगितलं होतं. "पोराच्या अंगात रगत न्हाई आन् हे आनखी काढून घेनार," म्हणत त्यानं दिघीहून सायकल काढली ती थेट चाकणकडच्या माळवाल्याकडं. झाडाच्या काड्यांची माळ पोराच्या डोक्यावर ठेवायची. ती लांबत खाली उतरली, की कावीळ उतरली. माळ रोज उतरत होती. छातीपर्यंत आली तेव्हा जयसिंगनं शिफ्टवर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी भरत गेला.

तिसऱ्या सकाळी बाई पुन्हा खाटेपाशी आल्या. "मूत्रपिंडं बंद पडत चाललीत. जयसिंगराव, नीट आठवा. घरात आणखी कुणा मुलाला असं झालं होतं?"

"न्हाई."

कस्तुरा उठली. "तुमी सांगताय का मी सांगू?"

"गप बस."

"एक घालवलं. लाजंपायी दुसरं घालवू नगा."

मग त्यानं सांगितलं, माळेसकट. पेढे तेवढे वगळले. बाई रागावल्या नाहीत, हेच त्याला जड गेलं. त्यांनी फक्त विचारलं: ठिपके होते? लघवी किती दिवस बंद?

"एकाच घरात दोघांना, म्हणजे हा जन्मजात दोष दिसतोय," त्या म्हणाल्या. "फार दुर्मीळ. अशा मुलांना रक्तातला पिवळा पातळ भाग, प्लाझ्मा, दिल्यावर उतार पडल्याचं वाचलंय मी. खात्री नाही. पण परवा कळलं असतं तर परवाच दिला असता."

पुण्याहून प्लाझ्मा आला. चौथ्या दिवशी कस्तुरा वॉर्डभर ओरडली, "मुतली गं बया, मुतली!"

"बारसं हाय का काय!" शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, आणि साऱ्या बायका हसल्या.

जयसिंग बाईंमागं व्हरांड्यात गेला. दर तीन आठवड्यांनी प्लाझ्मा द्यावा लागेल, कदाचित जन्मभर, हे त्यानं ऐकून घेतलं.

"बाई, हे तवा मिळत हुतं?"

"प्लाझ्मा? मिळत होता."

"म्हंजे भरत वाचला असता."

"तसं मी म्हटलं नाही. आम्हाला तरी ओळखता आलं असतं का, कोण जाणे."

"वळखायला आदी न्यायला तर पायजे हुतं."

बाईंनी पुढच्या प्लाझ्माची तारीख कागदावर लिहून त्याच्या हातात दिली.