पिन काढली त्या दुपारी

मी हवेची गादी बोलतेय. कापसाच्या गादीशी माझी तुलना नको. तिच्यावर माणसं झोपतात, माझ्यावर पडून राहतात.

पलंगाला टांगलेलं मशीन सतत घरघरत माझ्या एका नळीत हवा भरतं, दुसरीतली सोडतं. त्यामुळे पडून राहिलेल्याची पाठ एकाच जागी दाबली जात नाही. तुमसरच्या दुकानातून मी घरोघर भाड्याने जाते. काम संपलं की मला कुणी पुसतसुद्धा नाही!

चिखल्याला सोमाजींकडे आले. खाणीतून रिटायर झालेला हा माणूस कौलं शाकारताना घरावरून पडला आणि कंबरेखालची सगळी जाणीव गेली. त्यांची बायको कौशल्याबाई थकलेली. म्हणून दिवसाच्या ड्युटीला कामिनी यायची, नाकाडोंगरीची, नर्सिंग असिस्टंटचा छोटा कोर्स केलेली.

दर दोन तासांनी ती त्यांची कूस बदलायची. चादरीला एक सुरकुती राहू द्यायची नाही. घाण काढताना तिनं कधी नाक मुरडलं नाही. मला ती फार आवडायची, खरं सांगते. नर्सिंगला ॲडमिशन मिळावी, एवढाच तिला ध्यास.

सोमाजी चिडवायचे, "नर्स होऊन ये अन् माया पायाले सुई टोच. ओरडलो त तू पास."

"काकाजी, तवा तुमी पळून जासान," ती हसायची.

फॉर्मची शेवटची तारीख आली आणि तिच्या मोबाईलची बॅटरी नेमकी संपली. खोलीत चालू बोर्ड एकच. अकराच्या सुमारास कामिनीनं माझ्या मशीनची पिन काढून चार्जर लावला. थोडं चार्ज होताच मोबाईल घेऊन ती रेंज शोधत रस्त्याकडे पळाली. पिन लोंबतच राहिली.

साइट अडकली, कागद अपलोड होईनात. ती परतली पाचला. मशीन बंद असलं की त्यातूनच माझी हवा निघून जाते; तोवर मी पार चपटी. सहा तास सोमाजींचं माकडहाड फळीवर टेकलेलं. दुसरा कुणी बोंबलला असता. त्यांना कळलंच नाही. मला कळत होतं हो, पण मला तोंड कुठे!

कामिनीनं पिन पाहिली. गुपचूप पिन लावली, कूस बदलली, लाल डाग पाहिला आणि कुणाला काही बोलली नाही.

डाग काळा पडला. मग खड्डा, हाडापर्यंत. ताप चढला, भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. विसाव्या दिवशी सोमाजी गेले.

आणि दोष कुणाला? मला! "गादीच बेकार निघाली," सगळे म्हणाले. मला न्यायला आलेल्या दुकानदारानं सोमाजींच्याच अंगणात हवा भरून मला पाण्याच्या टबात बुडवून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही. तेवढ्यात कामिनी फाटकात आली, हातात पेढ्यांचा डबा. ॲडमिशन झाली होती.

मला टबात पाहून ती थबकली. "काकू, गादी चांगली हाय. फॉर्मच्या दिवशी पिन म्या काढली होती."

कौशल्याबाई म्हणाल्या, "मशीनची घरघर बंद हाय, हे मले समजलं होतं, पोरी. मले वाटलं, बरं झालं, आज घडीभर झोप लागन. अन् लागली."

कामिनी रडायला लागली. कौशल्याबाई रडल्या नाहीत.

"तू जाय शिकाले," त्या म्हणाल्या. "पण हे पेढे माया घरात नोको ठेवू."

आता मी मोहाडीत एका म्हातारीखाली आहे. तिलाही पाठीचं काही कळत नाही. एवढंच मागते: मशीन गप्प झालं, तर कुणीतरी उठून बघा हो.