हंसाचा काठ

मी एक जुना हातमाग आहे. मित्रांनो, जुना म्हटल्यावर तुम्हाला संग्रहालयातला, पॉलिश केलेला, दोरी लावून ठेवलेला माग आठवेल. मी तसा नाही. माझ्या दोन पट्ट्या कोंबड्यांच्या खुराड्याला लागल्या आणि उरलेला मी नागपूरच्या तांडापेठेत एका भिंतीला टेकून वाळवी सोसतो आहे. माझी गोष्ट गोड नाही. गोड ऐकायची असेल तर दुसऱ्या कोणाकडे जा.

माझा जन्म सागवानाचा. माझा विणकर शालिकराम, त्याच्या बापानं सुताराला घरी बसवून मला घडवून घेतलं आणि घरातल्या एकुलत्या एक खोलीत खड्डा खणून मला बसवलं. विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो. खाली लाकडी पावड्या असतात. एक दाबली की अर्धे उभे धागे वर येतात, दुसरी दाबली की उरलेले. मधून धोटा पळतो, आडवा धागा टाकतो, आणि फणी तो ठोकून बसवते. झालं कापड. सांगायला सोपं आहे. करून बघा.

आमच्या वस्तीत कामाची वाटणी पक्की होती. बायकांनी चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या भरायच्या, सूत उकलायचं, खळ लावायची. खड्ड्यात पाय सोडायचे ते पुरुषानं. बाईचा पाय पावडीला लागला तर माग बाटतो, असं म्हणत. मी माग आहे. मी सांगतो, मला काही होत नाही. पण मला कोणी विचारलं नाही.

शालिकराम चांगला विणायचा. लग्नाच्या साड्या विणायचा. गांधीबागेच्या कापडबाजारातले एक शेठ सूत द्यायचे, साडी घ्यायचे, मजुरी द्यायचे. शालिकरामची बायको देवकी कांड्या भरायची. पोरंबाळं नव्हती. १९६९ सालच्या सुमाराला शालिकराम विणता विणता थांबू लागला. आधी दम लागायचा, मग पाय सुजले. धंतोलीतल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि सांगितलं की हृदयाची झडप बिघडली आहे, ऑपरेशन मुंबईला होईल.

शालिकरामचा मोठा भाऊ जागेश्वर म्हणाला, "मुंबई म्हणजे काय इतवारी आहे का गा? पायी गेलो अन् आलो?"

तिथे तो विषय संपला. मुंबईचं नाव त्या घरात पुन्हा कोणी काढलं नाही.

शालिकरामची बाज माझ्या शेजारीच पडली. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून तो भिंतीला उशा लावून बसल्या बसल्या झोपायचा. मीठ बंद. लघवी होण्याची गोळी सुरू झाली, त्यामुळे चिनीमातीचं, वाकड्या मानेचं पांढरं भांडं सतत हाताशी लागायचं. कोनाड्यात खोकल्याच्या औषधाची बाटली. तिच्या पोटावर कागदाची दातेरी पट्टी चिकटवलेली, एकेक दात म्हणजे एकेक डोस. आणि माझ्यावर अर्धी विणलेली साडी.

जागेश्वर म्हणाला, "माग कोणाले तरी देऊन टाक. घरात जागा होईन."

तो गेल्यावर देवकीनं दाराला कडी लावली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि खड्ड्यात पाय सोडले.

बाजेवरून शालिकराम ओरडला. ओरडला म्हणजे काय, जेवढा श्वास होता तेवढ्यात.

"काहून वं? कांड्या भर तू. तो खड्डा तुयासाठी नाही खंदला."

"मंग उठा अन् बसा तुम्ही," देवकी म्हणाली.

तिनं पावडी दाबली. चुकीची दाबली. मग बरोबर दाबली. इतकी वर्षं ती माझ्यासमोर बसून कांड्या भरत होती. हात तिचे चरख्यावर होते, पण डोळे कुठे होते ते मला त्या दिवशी कळलं.

पहिले काही दिवस शालिकराम नुसता टोमणे मारत होता. "काठ वाकडा चालून राहिला."

"तुमचा श्वास बी वाकडाच चालून राहिला. मी काही बोलली का?"

"सूत तोडशीन."

"तोडीन अन् जोडीन. तुम्ही वरण खा."

"ते वरण आहे का? पाणी आहे पिवळं. मीठ टाक थोडं."

"नाही टाकत."

मित्रांनो, आजारपण माणसाला थोर करतं, सेवा करणारी बाई देवी होते, असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असेल. ते लिहिणाऱ्यानं कोणाचं भांडं धुतलेलं नसतं. शालिकराम चिडका झाला होता. देवकी त्याच्या उशा नीट करून द्यायची, पाय चोळायची, आणि तोंड फिरवून पुटपुटायची की सुटका कर रे बाबा एकदाची. कोणाची सुटका, ते ती बोलायची नाही. मी ऐकलं आहे.

ती अर्धी साडी पुरी झाली. नवं सूत आलं. आता काठाला नक्षी हवी होती. ती हातानं उचलायची असते. बारीक काडीनं हवे तेवढेच उभे धागे उचलायचे आणि त्यांच्या खालून रंगीत कांडी काढायची. शालिकराम नेहमी तीच वेल काढायचा, जी त्याचा बाप काढत होता. देवकीनं वेल सुरू केली, मोडली, परत सुरू केली, परत मोडली. वेल कुठे बघितली होती तिनं? त्या खोलीत एक पान उगवत नव्हतं. मान वर केली की समोर कोनाडा, आणि कोनाड्यात बाटली.

तिनं बाटली विणली. मरून रंगाच्या काठावर हिरव्या सुतानं पोट, मान, बूच आणि पोटावर दातेरी पट्टी. एकाखाली एक, सगळ्या काठभर. असं मला त्याआधी कोणी चालवलं नव्हतं. फणीचा ठोका पक्का होता.

साडी घेऊन ती गांधीबागेत गेली. जागेश्वरला कळलंच होतं, त्यानं आधीच बजावलं होतं, "शालिकरामनंच विणली म्हणजो. बाईनं विणली म्हणशीन तर सूत बंद होईन." ती तसंच म्हणाली. परत आल्यावर पिशवी ठेवायच्या आधीच बाजेजवळ बसली.

"शेठ काय म्हणे?" शालिकरामनं विचारलं.

"म्हणे, शालिकरामनं बीमारीत बी कमाल केली. म्हणे, कळस मस्त निघाला."

"कोणता कळस?"

देवकीनं कोनाड्याकडे बोट दाखवलं.

शालिकराम हसू लागला. हसता हसता त्याला ढास लागली, ओठ निळे पडले, देवकी घाबरून पाठ चोळू लागली, आणि तरी तो थांबेना. "पोरगी मांडवात उभी," तो धापा टाकत म्हणाला, "अन् अंगावर माया खोकल्याच्या बाटल्या."

त्या दिवसानंतर तो टोमणे मारायचा, पण वेगळे. सकाळी तोंड धुऊन झालं की विचारायचा, "आज काय काढून राहिली?"

मग ती सुटली. औषधाचा चमचा काढला, शेठनं त्याला कमळाची कळी म्हटलं. बाजेचे पाय काढले, ते केळीचे खांब झाले. आणि एकदा तिनं ते वाकड्या मानेचं पांढरं भांडं काढलं. मरून काठावर पांढऱ्या रेशमात, ओळीनं, जणू पाण्यावर चाललेलं. शेठ म्हणाले, हंस. म्हणाले, असा हंस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. त्या मोसमात हंसाच्याच साड्या मागितल्या लोकांनी.

यात मी सुख शोधू नये असं मला वाटतं, पण खोटं का बोलू? त्या बाईला पहिल्यांदा स्वतःचं काही सापडलं होतं आणि ते त्या कोंदट खोलीतच सापडलं होतं. बाहेरून कोणी आणून दिलं नव्हतं. शालिकराम आजारी पडला नसता तर ती कांड्या भरतच मेली असती. हे ऐकायला वाईट वाटतं. आहे ते असं आहे.

त्याची किंमतही होती. एकदा दुपारी तिनं नक्षीचे धागे काडीवर उचलून धरले होते. अशा वेळी हात सोडला तर सगळं विस्कटतं. शालिकरामनं हाक मारली. ती म्हणाली, "थांबा." त्यानं परत हाक मारली. ती म्हणाली, "थांबा ना जी." कांडी पार झाल्यावर तिनं मान वळवली तेव्हा बाज ओली झाली होती आणि तो भिंतीकडे तोंड करून रडत होता. तिनं सगळं धुतलं, त्याला पुसलं, धोतर बदललं. संध्याकाळपर्यंत मी रिकामा होतो.

दोन दिवसांनी शेजारची मैनाबाई आली. ही तरणेपणीच विधवा झालेली, फाटक्या तोंडाची. तिनं साडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "देवके, हे सारं त्याचा श्वास चालू आहे तोवर हो. कपाळ पुसलं का लग्नाचा कपडा कोणी हातात देत नाही. मले तर हळदीच्या घरात पाय ठेवू देत नाही, अन् तू मांडवातली साडी विणशीन?"

"तर साधे पंचे विणीन."

"पंचे कामठीच्या यंत्रमागावर निघून राहिले, बाई. हाताचे पंचे कोण घेते?"

मैनाबाई गेली. देवकी तशीच बसून राहिली, पाय खड्ड्यात. तेव्हापासून ती शालिकरामला जपू लागली ते बघून मलाच भीती वाटायची. गोळी चुकू देईना. मिठाचा डबा मैनाबाईच्या घरी नेऊन ठेवला. मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत पहाटेपासून रांगेत उभी राहायची. सगळी वस्ती म्हणायची, अशी बायको मिळायला पुण्य लागते. मला ठाऊक होतं. शालिकरामलाही ठाऊक होतं. त्यानं एके दिवशी सरळ विचारलं.

"देवके, मले जगवून राहिली का मागाले?"

ती पाय चोळत होती. हात थांबले नाहीत. "दोघाले. आता वेगळं काढता येते का?"

त्यानं छताच्या कवेलूंकडे बघितलं. मग म्हणाला, "मंग थांबतो आणखी थोडा."

त्यानं प्रयत्न केला. खरंच केला. एक पावसाळा काढला, एक दिवाळी काढली. अळणी जेवला आणि कुरकुरला नाही. पण झडपेला कोणाच्या शब्दाची किंमत नसते. थंडीत एका सकाळी देवकी त्याच्यासाठी पाणी तापवत होती. तो उशांना टेकून माझ्याकडे बघत होता. ती तांब्या घेऊन आली तेव्हाही तो माझ्याकडेच बघत होता.

माझ्यावर हंसाची साडी होती. पदर तेवढा राहिला होता.

तेरवीपर्यंत वस्तीच्या रीतीप्रमाणे मला झाकून ठेवलं होतं. तेरवी झाल्यावर देवकीनं चादर काढली आणि पदर पुरा केला. तिच्या कपाळावर काही नव्हतं, हातात काही नव्हतं. काकणांचा आवाज नसल्यामुळे धोट्याचा आवाज मोठा वाटत होता. मग ती मैनाबाईला सोबत घेऊन गांधीबागेत गेली. तिथे काय झालं ते मैनाबाईनं आल्यावर आमच्याच ओट्यावर बसून सगळ्यांना सांगितलं, म्हणून मला माहीत आहे.

शेठनं साडी उलगडली. डोळ्यांत पाणी आणलं. म्हणाले, "शालिकराम गया. आता असा हात होणे नाही."

देवकी म्हणाली, "पुढचं सूत द्या."

"कोण विणणार?"

"आतापावतर जो विणत होता तोच. मीच विणत होती, शेठजी. बीमार पडल्यापासून त्यायनं धोट्याले हात नाही लावला."

शेठनं साडीवरचा हात काढून घेतला. मैनाबाई म्हणते, चटका बसल्यासारखा काढला. "बाई, लग्नाचा माल आहे. विधवेच्या हातचा..."

"पहिलेचा बी याच हातचा."

"तेव्हाची गोष्ट अलग. तेव्हा नवरा होता."

"हो, होता," देवकी म्हणाली. "अन् हा हंस म्हणजे त्याच्या लघवीचं भांडं आहे. कळस म्हणजे औषधाची बाटली. तुम्ही विकलं, पोरी नेसल्या, नांदून राहिल्या. कोणाचं काय वाईट झालं?"

शेठनं सूत दिलं नाही. बाजारात दुसऱ्या कोणीही दिलं नाही, कारण संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. ती साडी मात्र त्यांनी परत केली नाही. सूत त्यांचं होतं. आणि मित्रांनो, अपशकुनी म्हणून ती त्यांनी जाळली का? नाही. विकली. चांगल्या भावानं विकली. पुढे तोच हंस यंत्रमागावर चढला. हजारांनी निघाला. इतवारीच्या दुकानात अजून टांगलेला असतो, बेढब, जाड मानेचा. दुकानदार सांगतो, जुनं डिझाइन आहे. कोणाचं, ते त्याला ठाऊक नाही आणि त्यानं कोणाला विचारलंही नाही.

जागेश्वरनं आमची खोली आपल्या घरात घेतली आणि मला उचकटलं. खड्डा मुरुमानं बुजवला, वर फरशी घातली. त्यानं यंत्रमाग घेतला, त्यासाठी देवकी कांड्या भरू लागली आणि अजून भरते. केस पांढरे झाले आहेत. दुपारच्या वेळी ती त्याच फरशीवर चरखा मांडून बसते. हात चरख्यावर असतात. पण लुगड्याखाली तिचे पाय हलत असतात, एकदा उजवा, एकदा डावा. घरातल्या लोकांना वाटतं, म्हातारपणाची सवय आहे. मी भिंतीला टेकून बघतो. काडीनं धागे उचलायला थांबावं तसे ते पाय मध्येमध्ये थांबतात, नक्षीच्या चालीनं पडतात आणि ती नक्षी मी कधी विणलेली नाही.

आता रीतीप्रमाणे मी तुमच्याकडे काहीतरी मागायला हवं. मला तेल नको, रंग नको. मी फार दिवस टिकणार नाही आणि टिकून करायचं काय? पण तुमच्या घरी किंवा शेजारी कोणीतरी आजारी माणसाच्या उशाशी बसलेलं असेल. आई असेल, काकू असेल, एखादा बापही असेल. किती सेवा करते बिचारी, असं म्हणून पुढे जाऊ नका. तिच्या हातांत काय चाललं आहे ते बघा. काय करून राहिलीस, असं तिला विचारा, आणि तिनं सांगितलं तर ऐका. तो माणूस जिवंत आहे तोवर विचारा. नंतर तुम्ही कोणाला तिला विचारू देणार नाही, तुम्हीच, तुमच्या रीती घेऊन दारात उभे असाल.

तांडापेठेत आलात तर ती फरशी सापडेल. बसलेली म्हातारी देवकीच आहे. तिला सूत द्यायला अजून कोणी आलेलं नाही.