फेकायची बाजू

"लग्नाला हवाय की वाढदिवसाला?" दुकानदाराने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहताच काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. एक गुलाबी, एक आकाशी, एक पोपटी. "बटण दाबलं की फोटो बाहेर. वर बदामाची चौकट येते. पोरं खूश होतात."

सिस्टरने गुलाबी कॅमेरा उचलून पाहिला. साबणाच्या वडीसारखा हलका होता.

"किती जवळून काढता येतो?"

"दीड हात तरी लांब राहायचं. त्याहून जवळ गेलात की सगळं धूसर."

"मला वीतभरावरून लागतो."

"वीतभरावरून? मुंग्यांचं लग्न आहे का मावशी?"

सिस्टर हसली नाही. तिने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला आपला कॅमेरा काढला. काळा, विटेएवढा, पुढे कागदी पंख्यासारखा उघडणारा भाता. भात्याच्या एका घडीला चीर पडली होती आणि तिच्यावर डॉक्टरी चिकटपट्टी लावलेली होती.

"हाच पाहिजे. नवा, जुना, कसाही. चालू हवा."

दुकानदार पाहतच राहिला. मग आतल्या माणसाला हाक मारून म्हणाला, "अरे इकडे ये, बघ. हे लोक अजून वापरतायत!"

हे तिचं चौथं दुकान होतं. एकाने कॅमेऱ्याचा फोटो काढून घेतला, एकाने शोभेला ठेवतो म्हणून तो विकतच मागितला, पण विकायला कुणाकडेच नव्हता. सगळीकडे नन्नाचा पाढा. लेकीने ऑनलाइन एक शोधून दिला होता. तो आला तेव्हा आत बुरशीची लव धरलेली होती आणि खोक्यावर लिहिलं होतं, 'चालतो की नाही माहीत नाही, परत घेतला जाणार नाही.'

"आई, फोनने काढ ना," लेक म्हणाली होती.

"फोनचा फोटो किती जणांकडे जातो, माहितीये तुला?"

लेकीला आईचं काम ठाऊक होतं.

सिस्टर प्रसूती विभागात होती. तिथे बहुतेक बाळं रडतच येत. जी येत नसत, किंवा येऊन तासाभरात जात, त्यांच्या आयांना सिस्टर विचारायची, "एक फोटो काढू का?" बावीस वर्षांपूर्वी एक म्हातारे डॉक्टर निवृत्त होताना हा कॅमेरा तिच्याकडे देऊन गेले होते. ते जखमांचे फोटो काढायचे. ती बाळांचे काढू लागली. धुतलेलं, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, बहुतेक वेळा मिटलेल्या डोळ्यांचं, कधी नुसती पावलं. कॅमेऱ्यातून कागदाची दुपदरी पट्टी ओढून काढायची, दोन मिनिटं थांबायचं आणि केळं सोलावं तसे दोन थर सोडवायचे. वरच्या थरावर फोटो. खालचा काळ्या पाठीचा, चिकट रसायनाने माखलेला. तो दुमडून डब्यातल्या पिवळ्या पिशवीत, म्हणजे संध्याकाळी दवाखान्याचा कचरा जाळायच्या भट्टीत.

फोटो आईच्या हातात देताना ती नेहमी एक वाक्य म्हणायची. "याची दुसरी प्रत नसते. कुणाकडेच नाही. फक्त तुमच्याकडे." त्या एका वाक्यावर कित्येक आया हो म्हणाल्या होत्या. आपलं बाळ कुणाच्या फोनमध्ये, कुणाच्या चर्चेत जाणार नाही, एवढीच त्यांची अट असायची.

भाता फाटून आत उजेड शिरू लागल्यापासून दोन आया रिकाम्या हाताने घरी गेल्या होत्या. दुसरीने तर स्वतःच विचारलं होतं, "तुमच्याकडे फोटो काढतात म्हणे?"

डिस्ट्रिब्युटरचं ऑफिस एका गोदामाच्या वर होतं. टेबलामागच्या माणसाने कॅमेऱ्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही अधिकृत विक्रेत्या का?"

"मी नर्स आहे."

"मग दुकानामार्फत मागणी टाका."

"दुकानवाले म्हणतात, डिस्ट्रिब्युटरकडे जा."

"बरोबर बोलतात ते." मग त्याने पहिल्यांदा कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "अरे बापरे. ताई, तुमची नोकरी किती वर्षांची?"

"सत्तावीस."

"हा त्याच्याही आधी यादीतून बाद झालाय."

"मागणी टाकली तर कंपनी एखादा बनवून देणार नाही?"

"देईल की. कमीत कमी पाचशे नग घ्या म्हणेल." तो थांबला. "म्हणजे, कंपनी राहिली असती तर म्हणाली असती."

सिस्टरने टॉवेल पुन्हा गुंडाळायला घेतला. तिचे हात गुंडाळण्यात इतके सफाईदार होते की तो माणूस क्षणभर त्यांच्याकडेच बघत राहिला. कशाची आठवण झाली कोण जाणे, त्याने एका कार्डाच्या पाठीवर पत्ता लिहून दिला. "इथे एक मेस्त्री आहे. डोकं फिरलेला माणूस. असल्या वस्तू त्याच्याकडे मरायला येतात."

मेस्त्रीचं दुकान म्हणजे त्याच्या घराची पुढची खोली. भिंतीला लहान लहान खणांचं कपाट, टेबलावर भिंग, आणि आतून त्याच्या बायकोचा आवाज, "आज पुन्हा फ्रीजमध्ये भाजीला जागा नाही! तुमचे डबे थंडीत आणि माझी मेथी बाहेर!"

"फिल्म आहे ती, डबे नाहीत!" मेस्त्री ओरडला आणि सिस्टरकडे वळून हळूच म्हणाला, "ही फिल्म बनायची बंद झाली. आहे ती जपायला नको? तुम्ही कुठे ठेवता?"

"लसींच्या फ्रीजमध्ये. खालच्या कप्प्यात."

"शाब्बास." त्याचं एवढ्यावरच तिच्याशी जमलं. त्याने कॅमेरा उघडला, आत बॅटरीचा झोत टाकून फुंकर मारली, भात्यावरून बोट फिरवलं. मग कपाटाच्या तळाशी वाकून तसाच एक कॅमेरा बाहेर काढला. सिस्टरने जिच्यासाठी महिनाभर पायपीट केली ती वस्तू एका माणसाच्या कपाटात तळाला पडली होती.

"याचा भाता चांगला आहे, पण शटर मेलंय. तुमचं शटर ठणठणीत आहे. दोन मेलेल्यांतून एक जिवंत करू." तिचा चेहरा पाहून तो चपापला. "काही चुकलं का बोलायला?"

"नाही. करा."

"चार दिवसांनी या."

चौथ्या दिवशी ती ड्युटी संपवून दुपारी तिथे पोहोचली तेव्हा कॅमेरा टेबलावर भाता पसरून बसला होता. नवा भाता, जुनं शटर. सिस्टरने आपल्याकडची एक फिल्म आणली होती. मेस्त्रीने ती आत भरली आणि म्हणाला, "बसा त्या खुर्चीत. हनुवटी जरा वर. रुग्णाला इंजेक्शन देताना हसता ना, तसं हसा."

शटर खटकलं. त्याने पट्टी ओढून काढली आणि तिच्या हातात दिली. "सोला तुम्हीच. तुमचा हात बसलेला असेल."

दोन मिनिटं झाल्यावर तिने कोपरा धरून थर सोडवला. तिचा चेहरा आला होता, थोडा थकलेला, पण स्पष्ट. प्रकाशाचा कुठेही शिरकाव नव्हता. बावीस वर्षांच्या सवयीने तिने डाव्या हातातला काळा थर दुमडला आणि डबा शोधायला मान वळवली.

"अहो अहो अहो!" मेस्त्री जवळजवळ ओरडलाच. "निगेटिव्ह फेकता?"

"काय?"

"ही निगेटिव्ह आहे. द्या इकडे. चांगली दुमडून टाकली की हो!" त्याने तो थर घेऊन सरळ केला, बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राने बराच वेळ वाळवला, मग काचेच्या तुकड्यावर चिकट बाजू खाली करून कडेने पट्ट्या मारल्या. "माझ्याकडे येणारे सगळे फेकत नाहीत, पण तुमच्यासारखे असतात. कंपनीच्या कागदावर फेका असंच लिहिलं होतं, तुम्ही तरी काय करणार?"

त्याने मोरीतून एक बाटली आणली. ब्लीच. तो वास सिस्टरला झोपेतही ओळखू आला असता. विभागातली फरशी, खाटा, रक्ताळलेले ट्रे, सगळं ती याच्याच पाण्याने पुसून घ्यायची. तिच्या टेबलाजवळच्या बेसिनखाली पाच लिटरचा कॅन कायम असायचा.

मेस्त्रीने कुंचल्याने काळ्या पाठीवर ब्लीच पसरलं. काळा थर सुटून शाईसारखा वाहू लागला. त्याने तो पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला, मग काच नळाखाली धरली, पट्ट्या काढून दुसरी बाजूही धुतली आणि ते पातळ पारदर्शक पान खिडकीसमोर धरलं.

केशरी-निळ्या, उलट्या रंगांत सिस्टर होती. तिचे डोळे पांढरे, केस उजळ. मधोमध तिनेच पाडलेली घडी.

"यावरून हवे तितके फोटो काढा," मेस्त्री म्हणाला.

"प्रत्येकाची निघते?" सिस्टरने विचारलं.

"प्रत्येकाची."

"किती दिवसांनी केलं तरी?"

"वर्षांनीसुद्धा. सुकवून ठेवलं की झालं."

"आणि डब्यात पडली असेल तर? म्हणजे, तासभर?"

"तासाभराने काय होतंय? पुसायची आणि धुवायची." तो हसला. "का हो? कुठला फोटो हरवलाय का?"

सिस्टरला सतरा नंबर दिसत होती.

सतरा नंबरच्या खाटेवरची बाई, अकरा वर्षांपूर्वीची. मुलगा होता, सव्वा तास जगला. फोटो छान आला होता. सिस्टरने तो तिच्या हातात ठेवला, आपलं वाक्य म्हटलं आणि ती आपल्या खोलीत गेली. तेवढ्यात सासू भेटायला आली आणि असलं काही घरात नको म्हणून तिने फोटोचे तुकडे करून संडासात टाकले. सतरा नंबर अनवाणी, हाताला सलाइनची सुई तशीच, सिस्टरच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"सिस्टर, अजून एक काढा ना."

"बाळाला नेलं गं."

"मग त्याच फोटोचा अजून एक?"

"दुसरी प्रत नसते, बाई. सांगितलं होतं ना मी?"

सिस्टर तेव्हा हातमोजे टाकत होती. तिचा पाय डब्याच्या पेडलवर होता. झाकण उघडं होतं.

ती बाई वाद न घालता परत फिरली होती. दोन वर्षांनी दुसऱ्या बाळंतपणाला आली, मुलगी झाली, पेढ्यासारखी गोल. घरी जाताना तिने सिस्टरचा हात धरला होता. "त्याचा चेहरा आता आठवत नाही हो. नाक माझ्यासारखं होतं ना?" सिस्टर हो म्हणाली होती. तिलाही आठवत नव्हतं.

पेडलवर पाय. उघडं झाकण. बेसिनखाली पाच लिटर ब्लीच. आणि बावीस वर्षं, प्रत्येक आईला, इतक्या खात्रीने, इतक्या मायेने सांगितलेलं ते वाक्य. एकदाही तिने तो काळा थर उजेडात धरून पाहिला नव्हता. विज्ञान शिकलेली बाई, तापमान दशांशात लिहिणारी, कुणी फेका म्हटलं म्हणून फेकत राहिली.

"सिस्टर? अहो, पाणी देऊ का?" मेस्त्री घाबरून उठला होता. "अगं, जरा बाहेर ये! यांना काय झालं बघ!"

त्याची बायको ओले हात पुसत आली, सिस्टरच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि नवऱ्यावर डाफरली, "काय बोललात त्यांना?"

"मी? मी निगेटिव्ह दाखवली फक्त!"

सिस्टर पाणी प्यायली आणि कॅमेरा टॉवेलात गुंडाळून निघाली. दारात थांबून तिने विचारलं, "ब्लीच किती वेळ ठेवायचं? नीट सांगा. मी लिहून घेते."

त्यानंतर नवव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, नऊ नंबरची मुलगी चाळीस मिनिटं जगून गेली. सिस्टरने तिला पुसलं, गुंडाळलं, आईच्या कुशीत दिलं आणि विचारलं. आई हो म्हणाली. नवरा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

फोटो सोलून झाल्यावर सिस्टरने तो आईच्या हातात दिला. "याची दुसरी," एवढं तोंडातून गेलं आणि ती थांबली. मग खाटेच्या कडेला बसली. सहसा ती बसत नसे.

"बाई, हे बघा. हा याचाच दुसरा भाग." तिने काळा थर ट्रेमध्ये धरून दाखवला. "यावरून पुन्हा फोटो काढता येतो. तुम्हाला हवा तर सुकवून देते. नको असेल तर आत्ता तुमच्यासमोर नष्ट करते. नाहीतर माझ्याकडे ठेवते, कधीही येऊन मागा."

आईने ट्रेकडे पाहिलं. "तुमच्याकडे ठेवलात तर कोण बघेल?"

"मी."

"फक्त तुम्ही?"

"कुलपात ठेवेन. किल्ली माझ्याकडे असते."

खिडकीशी उभा असलेला नवरा न वळता म्हणाला, "राहू दे त्यांच्याकडे. आपल्याकडचा हरवला तर?"

"ठेवा," आई म्हणाली.

सिस्टरने खिशातून पाकीट काढलं. त्यावर '९' लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. "नाव ठरवलं होतं का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आईने नाव सांगितलं. सिस्टरने ते एकदा उच्चारून खात्री केली आणि लिहिलं.

आपल्या खोलीत येऊन तिने ट्रे टेबलावर ठेवला, चिकट बाजू वर करून. पंखा बंद केला, धूळ बसायला नको. मग खुर्ची ओढून समोर बसली.

धाकटी सिस्टर दारातून डोकावली. "सिस्टर, चहा आलाय. चला ना, गार होईल."

"तुम्ही घ्या," ती ट्रेवरून नजर न काढता म्हणाली. "अजून ओलं आहे."