धाकटी तरंगते, ताई बुडते

धाकटीच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा तिची सत्तरी उलटून गेली होती. जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबायची, कठड्याला धरून खिडकीबाहेर बघायची आणि कुणी वर-खाली गेलंच तर "आज ऊन छान पडलंय, नाही?" असं म्हणायची. ऊन नसलं तरी म्हणायची. शेजाऱ्यांना ते पाठ झालं होतं.

डॉक्टरीण तरुण होती, हसरी होती. तिने गुडघे दाबून, वाकवून पाहिले आणि म्हणाली, "मावशी, जमिनीवर हे कुरकुर करणारच. तुम्ही तलावावर जाऊन पाण्यात चाला. पोहता आलं नाही तरी बिघडत नाही. बराचसा भार पाणीच उचलेल."

घरी हे सांगितलं तेव्हा ताई चहा गाळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तू उतरल्यावर तलावात पाणी राहील का?"

धाकटी हसली. असल्या बोलण्यावर हसून मोकळं व्हायचं, हे ती लहानपणीच शिकली होती.

दोघी सख्ख्या बहिणी, पण एका आईच्या वाटायच्या नाहीत. ताई शेलाट्या बांध्याची, उंच मानेची, चालताना पायांचा आवाज न करणारी. लग्नातले कपडे तिला अजून व्हायचे आणि ही गोष्ट ती नव्या ओळखीच्या माणसाच्या कानावर पहिल्या भेटीतच घालायची. धाकटी जन्मतःच गुटगुटीत. ज्या गालांचे सगळ्यांनी पापे घेतले, त्याच गालांना पुढे सगळ्यांनी नावं ठेवली. "मला मेलीला हवासुद्धा अंगाला लागते," असं ती आपणच आधी म्हणून टाकायची. म्हणजे मग समोरच्याला म्हणायला काही उरायचं नाही. फोटो काढायचा झाला की ती खुर्चीच्या मागे उभी राहायची.

तिने लग्न केलं नाही. बायकांचे कपडे शिवायचं दुकान टाकलं आणि उभा जन्म लोकांच्या कमरेभोवती टेप फिरवण्यात घालवला. टेप कमरेला टेकली की बाई पोट आत ओढून घेते, मग ती जाडी असो की बारीक, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती त्यावर कधी बोलली नाही. इकडच्या तिकडच्या गप्पा काढायची, बाई हसून श्वास सोडायची, तेवढ्यात माप घ्यायची आणि पुढे सैल करता यावं म्हणून शिवणीच्या आत भरपूर माया ठेवायची.

ताईचे यजमान गेले तेव्हा ताई तिच्याकडे राहायला आली, दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. येताना कपड्यांची बॅग आणली आणि वजनाचा काटा आणला. न्हाणीघराच्या दाराशी तो मांडला गेला. रोज सकाळी तोंडात पाण्याचा थेंब घालायच्या आधी ताई त्यावर उभी राहायची. आकडा उतरला असला की दिवसभर गुणगुणायची. चढला असला की रात्री उपास. आणि जेवताना तिचे डोळे स्वतःच्या ताटात कमी, धाकटीच्या ताटात जास्त.

"दुसरा बटाटा?" एवढंच विचारायची. त्या दोन शब्दांनी बटाट्याची माती व्हायची.

पोहण्याचा पोशाख घ्यायला धाकटी खेळाच्या सामानाच्या दुकानात गेली, तर तिथली मुलगी तिला वरून खालपर्यंत न्याहाळून अवघडली. "आजी, तुमच्या मापाचा... मागवावा लागेल." धाकटीने तिची सुटका केली, गडद हिरवं, ताणलं जाणारं कापड विकत घेतलं आणि मशीनवर दुपारभरात पोशाख बेतून शिवला. गुडघ्यापर्यंत पाय, खांद्यापर्यंत बाह्या. आरशासमोर उभी राहून तिने स्वतःला पाहिलं. मोठा हिरवा भोपळा असावा तशी ती दिसत होती. तिला ते आवडलं, हे विशेष.

तलावावर काचेचं छत होतं. सकाळी बायकांची वेळ. पाणी कोमट, त्यावर वाफेचा पातळ पडदा आणि काचेतून आलेलं ऊन त्या पडद्यात कुठे थांबावं ते न कळल्यासारखं पसरलेलं. आवाजही तिथे ओले व्हायचे. कुणी दूरवर हसलं की ते हसू पाण्यावरून घरंगळत कानाशी यायचं आणि ते कुणाचं, हे कळायच्या आधी विरून जायचं. शिकवणारी बाई मध्यमवयाची, गळ्यात शिट्टी अडकवलेली. तिला सगळ्या शिट्टीबाईच म्हणायच्या, जरी ती शिट्टी क्वचितच वाजवायची.

धाकटी पायऱ्या उतरत गेली. पाणी पोटऱ्यांना लागलं, मांड्यांना लागलं, कमरेला आलं आणि तिच्या लक्षात आलं की गुडघे गप्प आहेत. किती दिवसांनी! गजबजलेल्या घरातली माणसं अचानक बाहेर गेल्यावर जशी होते, तशी अंगात सामसूम झाली.

"आता माझ्या हातावर पाठ टाका," शिट्टीबाई म्हणाली.

"तुमचा हात मोडेल हो."

"टाका तर."

तिने डोळे मिटले आणि पाठ टाकली. कान पाण्याखाली गेले. जग कापसात गुंडाळल्यासारखं लांब गेलं, स्वतःचा श्वास तेवढा जवळ राहिला, मोठा, सावकाश. खूप वेळाने तिने विचारलं, "हात दुखला नाही ना?"

शिट्टीबाईचा आवाज पलीकडच्या काठावरून आला. "मी केव्हाच काढला! तुम्ही जन्मजात तरंगणाऱ्या आहात!"

ज्या अंगाला जन्मभर गोणी, पिंप, गादी म्हणून ऐकलं, ते अंग पाण्याच्या पाठीवर पानासारखं पडून होतं. डोक्यावर काचेपलीकडे एक ढग सरकत होता. आपण सरकतोय की ढग, ते धाकटीला सांगता आलं नसतं. डोळ्यांतून पाणी आलं, पण तिथे सगळंच पाणी, कोण बघतंय.

मग ती नेमाने जाऊ लागली. चालणं, हातांनी पाणी ढकलणं, कठडा धरून पाय मारणं. पुढे पुढे ती उताणी पडून या टोकापासून त्या टोकापर्यंत आरामात जायची. जिन्याच्या वळणावरचं थांबणं सुटलं. एकदा तर शेजारच्या बाईनेच तिला हटकलं, "आज उन्हाचं काही बोलला नाहीत?"

ताईला मात्र ते पटेना. "काट्यावर उभी राहा बरं," ती म्हणाली. धाकटी राहिली. आकडा होता तिथेच होता. "बघ! तसूभर हलला नाही. मग उपयोग काय त्या डुंबण्याचा?"

"अगं, मी जिना एका दमात चढते आता."

"जिन्याचं कोण विचारतंय?" ताई म्हणाली, आणि तिला खरोखरच कळत नव्हतं.

मग एक दिवस धाकटी ओले केस पुसत घरात शिरली, तर ताईचा आवाज आतून आला, अगदी शांत. "धाकटे, इकडे ये. दार लोटून घे आधी."

ताई पलंग आणि खिडकीच्या मधल्या जागेत जमिनीवर पडली होती. कुठे रक्त नाही, हाड मोडल्याची कळ नाही. पडदा सरकवताना पाय लटपटले आणि ती बसली, एवढंच. पण बसली ती उठता येईना. हातांनी पलंग धरून पाहिला, गुडघ्यावर येऊन पाहिलं. अंगात ऊठ म्हणायला कुणी उरलंच नव्हतं.

"हाक मारायची, खालचं कुणी आलं असतं."

"काय सांगायचं त्यांना? मला उठता येत नाही म्हणून?"

धाकटीच्या मनात क्षणभर काहीतरी चमकून गेलं, जिंकल्यासारखं. लगेच तिला स्वतःची शरम वाटली. ती गुडघे टेकून खाली बसली, ताईच्या काखेत हात घातले आणि उचललं. उचललं आणि घाबरली. लोकरीचा जाड कोट उचलायला जावं आणि हातात नुसतं अस्तर यावं, तशी ताई वर आली.

पलंगावर बसल्यावर ताई खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "आज सकाळी आकडा आणखी उतरला होता. मी इतकी खूश होते गं."

डॉक्टरीण या वेळी हसली नाही. ताईचा दंड दोन बोटांत धरून ती म्हणाली, "काकू, ही बारीक होणं नाही, ही गळती आहे. चरबी गेली असती तर मी काही बोलले नसते, पण तुमचे स्नायू चाललेत. पोटभर खा. अंडी, दूध, डाळ, काय आवडेल ते. आणि त्या पायांना कामाला लावा. नाहीतर पुढच्या वेळी हाड मोडेल."

घरी आल्यावर धाकटीने दोन अंडी उकडून ताईसमोर ठेवली. ताईने एक खाल्लं. दुसऱ्याकडे अशी बघत बसली, जणू ते तिला काहीतरी विचारतंय.

"खा गं."

"नाही जात."

"जात नाही की घालायचं नाही?"

टेबलावरच्या कापडाच्या सुरकुतीवरून बोट फिरवत ताई म्हणाली, "तुझ्या हातात कला होती. दुकान होतं. बायका लांबून तुझं नाव काढत यायच्या. मला कोण काय म्हणायचं? आई म्हणायची, माझी देखणी. हे म्हणायचे, आमची फुलासारखी हलकी. माझ्याकडे दुसरं होतंच काय सांगायला?"

इतकी वर्षं एका छताखाली काढली, पण हे धाकटीला कधी सुचलं नव्हतं. तिला वाटायचं, ताई वरून तिच्याकडे बघते. ताई तर कड्याच्या टोकावर उभी राहून तोल सांभाळत होती. तिने ताईच्या पाठीवर हात ठेवला. मणका न् मणका हाताला लागला.

"उद्या माझ्याबरोबर चल," ती म्हणाली.

"मी? त्या बायकांच्यात? पाप्याचं पितर म्हणून हसतील मला."

"मला हसल्या नाहीत, तुला काय हसतील."

हिरव्या कापडाचा तुकडा उरला होता. ताईला तेवढा पुरून उरला. माप घ्यायला धाकटीने टेप काढली आणि ताईच्या कमरेभोवती फिरवली, तर ताईने छाती फुगवून पोट पुढे काढलं. गालसुद्धा फुगवले.

"हे काय करतेस?"

तोंडात हवा धरूनच ताई म्हणाली, "जरा जास्त भरू दे ना."

धाकटी टेप टाकून खुर्चीत बसली आणि हसता हसता तिचे डोळे गळायला लागले. ताईने आधी राग आणून पाहिला, तो टिकला नाही. दोघी लहानपणी पांघरुणात तोंड खुपसून हसायच्या, तशा हसल्या.

तलावावर ताई पायरीवर बराच वेळ उभी राहिली. वाफेत तिचे पाय दिसत नव्हते, म्हणून ती अर्धंच काढून ठेवलेल्या चित्रासारखी दिसत होती. धाकटीने हात पुढे केला. ताई उतरली, कमरेपर्यंत आली आणि तिने धाकटीचा दंड घट्ट धरला.

"पाठ टाक."

"शपथ सांग, सोडणार नाहीस."

"नाही सोडणार."

ताईने पाठ टाकली आणि बुडाली. खरोखर, खड्यासारखी, आधी पाय आणि मग सगळीच खाली गेली. धाकटीने तिला वर ओढलं. नाकातोंडात पाणी, खोकला, संताप. "तू तर नुसती पडून असतेस! मलाच का धरत नाही हे पाणी?"

शिट्टीबाई जवळ आली. "काकू, तुमच्या अंगात तरंगण्यापुरतं काही शिल्लकच नाही. या तुमच्या बहिणीकडून थोडं उसनं घ्या." तलावातल्या बायका हसल्या. त्या हसण्यात काटा नव्हता. ताईलाही ते कळलं असावं, कारण ती बाहेर निघून गेली नाही.

धाकटीने दोन्ही तळवे तिच्या पाठीखाली धरले. या वेळी ताईने हळूहळू मान सोडली, मग खांदे. केस पाण्यावर पसरले, पांढरे, विरळ. डोळे मिटलेले. उन्हाचे तुकडे तिच्या चेहऱ्यावरून, पापण्यांवरून डुलत गेले. धाकटी तिला घेऊन पाण्यातून सावकाश चालत राहिली, गोल गोल, झोपलेल्या मुलाला फिरवावं तशी. तिला वाटलं, आई आपल्या दोघींना अशीच फिरवत असेल का, आणि तेव्हा कोण जड आणि कोण हलकं, असा विचार तिच्या मनात आला असेल का.

"धाकटे," ताई डोळे न उघडता म्हणाली, "तुला रोज असं वाटतं?"

"रोज."

"आणि मला तू सांगितलं नाहीस."

"सांगत होते की. तू आकडा विचारत होतीस."

ताईला तरंगणं काही जमलं नाही, आजपर्यंत नाही. पण छातीभर पाण्यात ती चालायला शिकली, मान ताठ, पुढ्यातलं पाणी असं बाजूला सारत की जणू गर्दीतून वाट काढतेय. महिन्यांमागून महिने गेले. ती हात न टेकता खुर्चीतून उठू लागली. दुसरं अंडं खाऊ लागली, कधी आनंदाने, कधी औषध म्हणून. काट्यावर ती अजूनही चढते. सवय ती सवय. लग्नातले कपडे कमरेला बसेनासे झाले, तेव्हा ती एक दिवसभर कुणाशी बोलली नाही. धाकटीने ते उसवून मोठे करू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "राहू दे. आता कुठे घालून जायचंय."

परवा मात्र तिने हट्ट धरला की खोल भागात जायचं. शिट्टीबाईने परवानगी दिली, कठडा सोडायचा नाही या अटीवर. दोघी कठड्याला धरून हळूहळू सरकत गेल्या, जिथे पायांखालची फरशी निसटते तिथपर्यंत. पाणी तिथे गर्द निळं होतं. ताईने खाली वाकून आपल्या पायांकडे पाहिलं. ते पांढुरके, लांब, स्वतःचे नसल्यासारखे हलत होते.

"खाली काहीच नाहीये गं," ती म्हणाली.

"नाहीये."

"भीती वाटायला हवी ना मला?"

"वाटतेय का?"

एका हाताने कठडा धरून ताईने दुसरा हात पाण्यात मोकळा सोडला. पलीकडून शिट्टी वाजली, बायकांची वेळ संपली होती. धाकटीने ऐकलं, ताईनेही ऐकलं. दोघींपैकी कुणीच जागची हलली नाही.