डब्यापुढचा देव

पहिला डबा गुराख्यांनी नेला. दुसराही नेला. तेव्हा केशवरावांनी तिसऱ्या डब्यापुढं एक दगड ठेवला आणि त्या दगडाला शेंदूर फासला.

डबा त्यांचा नव्हता, इमादचा होता. इमाद म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरातल्या अब्दुल सत्तार फूलवाल्यांचा मुलगा. केशवरावांचा झेंडू आणि शेवंती चांदूर रेल्वेहून पॅसेंजरनं अकोल्याला जायची, ती सत्तारभाईंच्या दुकानात. त्यातून दोन्ही घरांचा घरोबा झाला होता. इमाद कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी एक वेगळाच छंद जोपासायचा. त्याच्याकडे मोबाईलएवढं एक यंत्र होतं. आपण पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहोत, हे ते उपग्रहांवरून आकड्यांत सांगायचं. कुणीतरी कुठंतरी डबा लपवायचा आणि त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. बाकीच्यांनी यंत्र घेऊन शोधत यायचं, डब्यातल्या वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू घेतली तर दुसरी ठेवायची आणि डबा होता तसा लपवून निघून जायचं. याला जिओकॅशिंग म्हणतात, असं इमादनं सांगितलं.

"मंग बक्षीस काय भेटते?" केशवरावांनी विचारलं.

"काहीच नाही, काका."

"अन् पेट्रोल जाळून येते कोण?"

"येतात. नागपूरचे येतात, पुण्याचे येतात."

"त्यायच्या वावरात निंदाले काही नसन," चहा देता देता बेबीताई म्हणाल्या. बेबीताई म्हणजे केशवरावांची बायको. त्यांना इमादचं फार कौतुक होतं, आणि त्याची फिरकी घेतल्याशिवाय त्यांचा चहा उकळत नसे.

इमादनं नियमही सांगितले होते. जमीनमालकाची परवानगी पाहिजे. जमीन खोदायची नाही. रेल्वेच्या रुळाजवळ नाही, पुलाखाली नाही. पोलिसांना संशय येतो. देऊळ, मशीद, दर्गा इथं तर नाहीच. जागा तपासणारे लोक असतात, त्यांनी होकार दिल्यावरच ती इंटरनेटवर दिसते. केशवरावांनी आपल्या वावराच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाची ढोली दिली. वहीत पहिलं नाव इमादनं त्यांच्याकडूनच लिहून घेतलं. रात्रीच्या वर्गात उतारवयात शिकलेली अक्षरं होती ती. ओळीत बसली नाहीत, पण नाव पूर्ण लिहिलं गेलं.

आणि मग डबे जायला लागले. केशवरावांना गुराखी माहीत होते. माणसाच्या वस्तूला हात लावतील, देवाच्या नाही. मारुतीसाठी आणलेला शेंदूर घरात होता. तो त्यांनी तेलात कालवला, दगडाला लावला आणि दगड ढोलीच्या तोंडाशी टेकवून ठेवला. इमादला फोन करून सांगितलं, "आता कोणी हात नाही लावत."

"काय केलं, काका?"

"केलं काहीतरी." आपल्या युक्तीवर ते खूश होते.

बेबीताई तेव्हा माहेरी गेल्या होत्या. त्या परत यायच्या आधीच शेजारच्या वावरातल्या पार्बताबाईंना दगड दिसला. केशवभाऊच्या धुऱ्यावर देव निघाला, असं त्यांनी गावभर केलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा केशवरावांच्याच हातावर ठेवला. त्यांना हसू आलं. संध्याकाळी सांगून टाकू, असं ठरवून त्यांनी खोबरं खाल्लं. संध्याकाळी वावराकडून येणाऱ्या बायका त्यांना वाटेत भेटल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्या पाया पडल्या. त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड झालं.

ती वर्षं वाईट होती. बोंडअळीनं कपाशी खाल्ली, पावसानं तोंड फिरवलं, आणि कोणत्या गावाहून कोणाची बातमी येईल याचा नेम नव्हता. एसटीत दोन बायका भेटल्या तर आधी त्याच बातम्या निघायच्या. बेबीताईंचा धाकटा भाऊ रामराव मूर्तिजापूरच्या पुढं एका खेड्यात राहायचा. कपाशी हातची गेल्यापासून तो बोलेनासा झाला होता. खाटेवर बसून भिंतीकडं पाहायचा. जेवण समोर ठेवलं तर तसंच राहायचं. बेबीताई त्याच्याकडूनच आल्या होत्या. आल्या त्या थेट दगडापुढं गेल्या, चपला काढल्या आणि नवस बोलल्या: भाऊ उठून कामाला लागेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही.

केशवराव बाजूलाच उभे होते. तोंड उघडायला तीच वेळ होती.

त्यांनी बायकोच्या चपला उचलल्या आणि घरी आणून दाराआड ठेवल्या.

उन्हाळा लागला. ढेकळं तापली. बेबीताई वावरात, बाजारात, स्टेशनवर फुलांच्या पोत्यांमागं अनवाणीच जायच्या. त्यांना साखरेचा आजार होता. टाचेत बाभळीचा काटा मोडला तेव्हा त्यांना दुखलंसुद्धा नाही. पाय सुजला तेव्हा कळलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी जखम साफ केली आणि ते केशवरावांकडं पाहून म्हणाले, "यांच्या पायात चप्पल नाही, तुमच्या आहे. हे कसं काय?"

केशवरावांनी आपले पाय बाकाखाली ओढून घेतले.

"नवस आहे," बेबीताई म्हणाल्या.

"नवस पायापेक्षा मोठा नाही, मावशी. अशाच फिरलात तर पाय कापावा लागेल."

"भावाच्या जिवापेक्षा पाय मोठा नाही, डॉक्टरसाहेब."

त्याच आठवड्यात इमाद आला. नागपूरचा एक खेळाडू धुऱ्यापर्यंत येऊन परत गेला होता. त्यानं इंटरनेटवर लिहिलं होतं की इथं देवस्थान आहे, पूजा चालू आहे, देवाला सरकवून डबा काढायला मन धजलं नाही, आणि हे नियमात बसत नाही. इमादनं दगड पाहिला, उदबत्त्यांच्या काड्या पाहिल्या, हिरव्या बांगड्या पाहिल्या.

"काका, हा देव कोणी बसवला?"

"म्या."

इमाद धुऱ्यावर बसला. "मले तरी विचारायचं! उद्या कोणी म्हटलं, सत्तारच्या पोरानं देवामागं डबा ठेवला, तर? अब्बाचं दुकान आहे बाजारात."

"म्हणूनच तर मी बोलून नाही राहिलो, बाबू."

इमादनं मान वर केली. "हे कारण तुमाले आता सुचलं, काका. काकू अनवाणी काहून आहेत?"

इमादनं हळूच दगड सरकवला, डबा काढला, दगड परत होता तसा ठेवला. जागा बंद झाल्याचं तो इंटरनेटवर लिहिणार होता. "डबा मी नेतो," जाताना तो बोलला. "दगड तुमचा आहे."

दुपारी बेबीताई ओसरीवर जखमेची पट्टी बदलत होत्या. केशवराव समोर बसले आणि सगळं सांगितलं. गुराखी, शेंदूर, दगड. दगड नाल्यातून उचलला होता, हेही सांगितलं.

बेबीताईंचे हात थांबले.

"म्या नवस बोलली तवा तुमी माया बाजूले होते," त्या म्हणाल्या.

"होतो."

"काहून नाही बोलले?"

"लाज वाटली."

"अन् माया पायाची नाही वाटली?"

त्यांनी पट्टी घट्ट बांधली. केशवरावांनी दाराआडच्या चपला आणून समोर ठेवल्या. त्यांनी त्या लांब सारल्या.

"देव खोटा असन, माया बोल तर खोटा नाही. रामरावले म्या जाऊन सांगतलं होतं, तुयासाठी अनवाणी चालून राहिली म्हणून. त्या दिवशी तो अर्धी भाकर जेवला. आता कोणत्या तोंडानं चप्पल घालू? त्याच्यासमोर जाऊन सांगा तुमी. तो म्हणन तसं करीन. अन् इमादचं नाव घ्याचं नाही. शेंदूर त्यानं नाही लावला."

सासुरवाडीला जावयाचा मान असतो. केशवराव दाराशी पोचले तशी रामरावची बायको कौशल्या पाय धुवायला पाण्याची बादली घेऊन आली. त्यांना पाय पुढं करवेना. "राहू दे," असं म्हणून त्यांनी चपला उंबऱ्याबाहेरच काढल्या आणि तसेच धुळीच्या पायानं आत गेले.

रामराव खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसला होता. केशवरावांनी त्याच्या पाठीलाच सगळं सांगितलं. डब्याचं सांगताना त्यांची जीभ अडखळली. बाहेरून आलेल्या कुणाचा खेळ, एवढंच म्हणाले. दगडाचं आणि शेंदराचं मात्र काही लपवलं नाही. कौशल्या बादली घेऊन तशीच दारात उभी होती. तिच्यासमोर हे सांगावं लागेल, असा विचार त्यांनी केला नव्हता.

पाठ हलली नाही. केशवराव उठायला लागले, तेव्हा रामराव बोलला. आवाज बसला होता.

"बाईच्या पायाले काय झालं म्हणता?"

"काटा मोडला. चिघळला. डॉक्टर म्हणते, अशीच फिरली तर कापा लागन."

रामराव बहिणीच्या नवऱ्याकडं वळला. "भाटवे, तुमाले माहीत होतं अन् तुमी तिले चालू देलं?"

"हो."

"तुमच्या हाती एक शब्द होता."

रामरावनं खाटेखाली हात घालून चपला शोधल्या. त्यांच्यावर धूळ बसली होती. त्यानं त्या झटकल्या, पायात घातल्या आणि कौशल्याला म्हटलं, "जाऊन येतो."

गाडीत दोघं एकाच बाकावर बसले. बडनेऱ्याला रामरावनं पाणी घेतलं आणि बाटली केशवरावांना दिली नाही.

घरी तो बहिणीसमोर जमिनीवर बसला. तिचा पाय मांडीवर घेतला, पट्टी पाहिली. दाराशी पडलेल्या चपला त्यानंच ओढून आणल्या.

"घाल, बाई."

"तू जेवशीन?"

"जेवतो. पहिले तू घाल."

"कामाले लागशीन?"

रामराव लगेच हो म्हणाला नाही. "आज इथपर्यंत आलो," तो म्हणाला. "उद्याचं उद्या."

बेबीताईंनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि एकेक करून चपला घातल्या. दुखऱ्या पायाचा पट्टा त्यानं लावून दिला. मग केशवरावांकडं न पाहता त्या म्हणाल्या, "याईले म्हण, पार्बताबाईले बी सांगून या. मी नाही सांगत. माया तोंडानं नाही."

केशवराव धुऱ्याकडं निघाले. कडुनिंबाखाली पार्बताबाई आणि आणखी दोघीतिघी होत्या. दगडापुढं दिवा लागला होता. त्यांना पाहून बायकांनी डोक्यावरचे पदर सारखे केले.

"बरं झालं आले, भाऊ." पार्बताबाईंनी नारळ त्यांच्या हातात दिला. "फोडा. माया हातून फुटत नाही आता."

केशवरावांनी नारळ घेतला. मग तो त्यांनी पार्बताबाईंच्याच ओटीत परत ठेवला.

"हा घरी न्या," ते म्हणाले. "अन् थोडंसं बसा. मले तुमाले काही सांगायचं आहे."