पहिला फॉर्म

माझ्या जिभेला हाड नाही, असं घरातले सगळे म्हणतात. त्याच जिभेवर मी विनोदी सिनेमे लिहून पोट भरतो. त्यामुळे मास्तरने, म्हणजे माझ्या कॉलेजपासूनच्या मित्राने, चक्क मैत्रीवर संशोधन करायला घेतलं तेव्हा मला हसू आवरेना. हा समाजशास्त्र शिकवतो. चार वर्षं हा गृहस्थ लोकांची दारं वाजवून त्यांच्याकडून फॉर्म भरून घेत होता: जवळचे मित्र किती? काम नसताना शेवटचं कधी भेटलात?

"अरे, यावर सिनेमा होईल!" मी म्हणालो.

आणि झालाही. 'मित्रमोजणी खातं'. त्यातला सरकारी मोजणीदार टेप घेऊन घरोघर फिरतो, दोन मित्रांमधलं अंतर मोजतो आणि ते जास्त भरलं की कागदावर शिक्का मारतो, 'नुसती ओळख'. मोजणीदाराचा चष्मा, काखेतली फाईल, बोलण्याआधी घसा खाकरणं, सगळं मास्तरचंच उचललं. त्याला तसं सांगितलंही.

"घे की," तो म्हणाला. "माझं लिहिलेलं कोण वाचतंय! निदान लोक बघतील तरी."

भरलेल्या फॉर्मच्या झेरॉक्सही त्यानेच आणून दिल्या. नावं नव्हती, नुसते क्रमांक. "फक्त कुणाची टर उडवू नकोस," एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं. मी हो फार पटकन म्हणतो.

त्या गठ्ठ्यात एक फॉर्म सापडला. जवळचे मित्र किती? 'एक.' काम नसताना शेवटचं कधी भेटलात? 'त्याला कामं फार असतात.' तो तुम्हाला जवळचा मित्र मानतो का? 'विचारायची हिंमत झाली नाही.' वाचून मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो. त्यावर अख्खा प्रसंग लिहिला. एक माणूस दारात टेपचं टोक धरून उभा आहे, मोजणीदार जिना उतरतो, गल्ली ओलांडतो, टेप संपते, आणि तो खालून ओरडतो, "साहेब, तुमचा मित्र काही सापडेना!"

सिनेमा तयार झाल्यावर स्टुडिओतल्या छोट्या हॉलमध्ये आपल्या माणसांना दाखवला. मास्तर माझ्या शेजारी होता. जिन्याचा प्रसंग आला आणि तीसच्या तीस माणसं खो खो हसली. मास्तरही हसला, पण जरा उशिरा.

नंतर बाहेर चहाच्या मशीनपाशी त्याने विचारलं, "ते जिन्याचं कुठून सुचलं तुला?"

"तुझ्याच फॉर्मातून. कोण बावळट होता देव जाणे."

त्याने कपावर फुंकर मारली. "एक नंबरचा फॉर्म तो. पहिला फॉर्म आपणच भरायचा असतो. प्रश्न कुठे अडतात ते कळतं." वर्गात सांगावं तसं सांगितलं त्याने.

याच अक्षरातल्या वह्या घोकून मी तीन वर्षं पास झालो होतो, आणि मला ते अक्षर ओळखता आलं नाही. त्याचा तो 'एक' कोण, हे विचारायची तर सोयच नव्हती. मला स्वतःची लाज वाटली.

"प्रसंग कापतो," मी म्हणालो. "आत्ताच सांगतो."

"कशाला? चांगला जमलाय."

तेवढ्यात निर्माते आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लेखकराव, जिन्याला हात लावायचा नाही हं. सिनेमा त्याच्यावरच चालणार!" मास्तर माझ्याकडे बघत होता. 'नाही, कापायचा आहे,' एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालणारा मी मूग गिळून गप्प राहिलो. निर्माते हसत पुढे गेले.

मास्तर निघाला. मी फाटकापर्यंत त्याच्या मागे गेलो. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, "फॉर्म भरणारा ज्याचं नाव घेतो, त्याच्याकडेही फॉर्म जातो ना?"

"जातो. दोघांची उत्तरं जुळतात का ते बघायला."

"मग मला कसा नाही आला?"

"पाकीट करून ठेवलं होतं. दोनदा तुझ्याकडे आलोही होतो. तू घाईत होतास."

"आता दे. इथेच उभ्या उभ्या भरतो."

"आता नाही घेता येत रे. संशोधनाचं पुस्तक छपाईला गेलं."

"मग तुझ्या फॉर्मचं काय केलंस?"

"काय करणार? जोडीचं उत्तर आलं नाही, तर तो फॉर्म बाद धरतात," तो म्हणाला आणि रस्ता ओलांडायला लागला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता, तर मला माफी तरी मागता आली असती.